साडूभाऊंची अठरा इंची चाकं

माणसाचा आणि पृथ्वीचा संबंध अखेर चार तळहातांएवढ्या रबरावर टिकून असतो. धर्म, प्रतिष्ठा, गाडीचा विमा हे सगळं त्या चार तळहातांच्या वरच्या बाजूला येतं. हा विचार मी मानपाड्याच्या एका टायरच्या दुकानात ऐकला. ऐकवणारा दुकानदार तेव्हा एका हाताने कान कोरत होता आणि दुसऱ्या हाताने आमच्या कामाचा नसलेला टायर आमच्याकडे सरकवत होता.

‘आमची’ गाडी म्हणजे माझ्या साडूची. साडू हा असा नातेवाईक, ज्याच्याशी रक्ताचं नातं काही नसतं पण तुलना मात्र रोज होते. माझे साडूभाऊ ठाण्याला घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर राहतात, मी डोंबिवलीत दुसऱ्या. या वीस मजल्यांचा उल्लेख आमच्या बायकांनी, म्हणजे दोघी बहिणींनी, कधी केला नाही. ती जबाबदारी साडूभाऊंनी स्वतःच उचलली.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेतली. दोन सीट, उघडा टप, वजनाला हलकी आणि जमिनीला इतकी लागून की तिच्यात बसण्याऐवजी उतरावं लागे. बाहेर येताना साडूभाऊंना कुणीतरी हात द्यावा लागायचा. तो हात ते अशा थाटात घ्यायचे की आसपासच्या लोकांना आता फीत कापणार असं वाटे.

गाडी खरी चालवायची त्यांची मुलगी. ती दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि रविवारी भाड्याच्या ट्रॅकवर गाडी पळवायची, असा तिचा क्रम. त्या वर्षी एका संस्थेने रेसिंग शिकू इच्छिणाऱ्या बायकांसाठी चाचणी ठेवली होती. स्वतःची गाडी आणायची, पाच-पाच चकरांच्या तीन फेऱ्या मिळणार, त्यातली एक चक्कर एक मिनिट बावीस सेकंदांच्या आत मारली की वर्षभराचं प्रशिक्षण. वयाची अट अठ्ठावीस पूर्ण होण्याआधी. भाचीला दोन महिन्यांनी अठ्ठावीस पूर्ण होणार होती. म्हणजे पहिली संधी आणि शेवटची संधी एकाच दिवशी आली होती.

ही बातमी ऐकून साडूभाऊंनी बापाचं कर्तव्य म्हणून गाडीला अठरा इंची चाकं बसवून आणली. मूळची सोळा इंची होती, ती चाकं विकणाऱ्याला बदल्यात देऊन टाकली. मग आम्हाला दाखवायला ते आणि भाची डोंबिवलीला आले. वाटेत शिळफाट्याच्या अलीकडे एक खड्डा आला आणि पुढच्या डाव्या चाकाची कड वाकली.

“गाडी कशी भरल्यासारखी दिसते ना?” साडूभाऊ आमच्या गेटपाशी उभे राहून म्हणाले.

“दिसते. मखरात बसवल्यासारखी.”

“काका, तुम्ही तरी सांगा यांना,” भाची म्हणाली. “चाक मोठं केलं की टायरचं रबर बारीक करावं लागतं, नाहीतर ते वर घासतं. बारीक रबर म्हणजे खड्डा थेट चाकाला. आणि ट्रॅकवर ही एवढी धोंड फिरवायलाच अर्धं इंजिन जाणार.”

“धोंड?” साडूभाऊ दुखावले. “अगं, मोठं चाक म्हणजे एका फेऱ्यात जास्त अंतर!”

“बाबा, बाहेरचा टायर तेवढाच आहे. आतलं लोखंड मोठं झालंय.”

“लोखंड नाही ते. अलॉय आहे.”

निवाड्यासाठी दोघांनी माझ्याकडे पाहिलं. याचं कारण असं की मी रबरातला माणूस. मानपाड्याच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षं रबरी वस्तूंच्या कारखान्यात मालाची तपासणी केली. माझ्या हातून गेलेली सगळ्यात वेगवान वस्तू म्हणजे प्रेशर कुकरची रिंग. पण नातेवाइकांत एवढी विद्वत्ता पुरते. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की वजन केल्याशिवाय मत देणार नाही.

वजन करायला आम्ही विठ्ठलवाडीला गेलो. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारा एक माणूस माझ्या ओळखीचा होता. भाचीच्या गाडीला बसतील अशी सोळा इंची चाकं त्याच्याकडे निघाली. चारांपैकी एक बाकीच्यांपेक्षा जरा काळपट, बाकी सरळ. त्याने टायर काढलेलं एक सोळा इंची चाक भंगाराच्या काट्यावर ठेवलं. सात किलो. मग आमच्या गाडीचं वाकलेलं चाक उतरवलं, त्याचाही टायर काढला आणि तेही ठेवलं. साडेअकरा.

साडूभाऊंनी काट्याकडे पाहिलं, मग काट्याच्या मालकाकडे. “काटा बरोबर आहे ना?”

“शेठ, मी यावर विकत घेतो,” तो म्हणाला. “हलका असेल, भारी नसणार.”

भाचीने हिशेब मांडला: साडेचार गुणिले चार, म्हणजे वळणावर अठरा किलो तांदूळ नाचवत न्यायचा, शिवाय तो फिरणारा तांदूळ. बाविसाव्या मजल्याचा माणूस पहिल्यांदाच तळमजल्यावर उभा असलेला दिसला, आणि मला त्याचा जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला.

सोळा इंची चाकं घेतली, आता टायर. तेव्हा आम्ही त्या कान कोरणाऱ्या तत्त्वज्ञाकडे गेलो. त्याने आधी लांब टिकणारा टायर दाखवला.

“साहेब, सत्तर हजार किलोमीटर बघायला नको.”

“आम्हाला पंधरा चकरा मारायच्यात,” भाची म्हणाली. “टिकला नाही तरी चालेल. चिकटला पाहिजे.”

आयुष्यभर ‘टिकेल का?’ एवढाच प्रश्न ऐकलेल्या त्या माणसाने कानातली काडी बाहेर काढली. मग आतून मऊ रबराचे, कमी खाचांचे चार टायर आणले. असे टायर तापले की रस्ता धरून ठेवतात, झिजतात भराभर आणि पावसाच्या पाण्यात काही कामाचे नसतात. मी खिशातून कारखान्यातलं कडकपणा मोजायचं घड्याळ काढलं. ते निवृत्तीच्या दिवशी चुकून माझ्या पिशवीत आलं होतं. प्रत्येक टायरवर ते सहा ठिकाणी दाबून मी आकडे लिहून घेतले.

“टायर घेताय की स्थळ बघताय?” दुकानदाराने विचारलं.

शास्त्रीय काम चाललेलं असताना मी सहसा बोलत नाही. चारही टायर मी मऊ ठरवून पास केले आणि भाचीने माझ्याकडे इतक्या विश्वासाने पाहिलं की मला स्वतःविषयी थोडा आदर वाटू लागला. असं झालं की पुढे काहीतरी घडतंच.

चाचणीचा ट्रॅक पुण्याच्या बाजूला एका माळावर होता. मऊ टायर रस्त्यावर झिजू नयेत म्हणून गाडी मोठ्या ट्रकच्या पाठीवर न्यायची, असं साडूभाऊंनी ठरवलं. निर्णय योग्यच होता, पण त्यांना त्यातली मिरवणूक जास्त आवडली होती. मागे माझी घरची गाडी, तिच्यात दोघी बहिणी, एक नारळ, हळदकुंकवाचं ताट आणि चार लिंबं.

ट्रॅकवर गाडी उतरवल्यावर पूजा झाली. आपल्याकडे नव्या चाकांखाली लिंबू चिरडल्याशिवाय गाडी हलत नाही, मग ती बाजारात जाणारी असो की शर्यतीत. नारिंगी कपड्यांतला एक अधिकारी हे सगळं हाताची घडी घालून पाहत होता.

“मॅडम, होऊ द्या सावकाश,” तो माझ्या मेहुणीला म्हणाला. “फक्त लिंबाची सालं ट्रॅकवर नकोत. मागच्या वेळी झेंडूवरून एक जण घसरला.”

सालं उचलली. भाची हेल्मेट घालून निघाली. दुसऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग पुढे येऊन आम्हाला भेटायला निघाला. ती गवतात गेली, परत आली, चौथ्या वळणावर पुन्हा गेली. पाच चकरा संपल्या तेव्हा सगळ्यात चांगली वेळ एक मिनिट एकतीस होती. शेजारच्या तंबूतली साधी चार दारांची गाडी तिच्यापेक्षा जोरात गेली होती, आणि तिच्या मागच्या काचेला लहान मुलांसाठी लावतात तो उन्हाचा पडदाही होता.

भाची उतरली, टायरवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

“बाबा, टायरला काय लावलंय?”

“पॉलिश. सोसायटीतल्या गाड्या धुणाऱ्याकडून काल करून घेतलं. ट्रकवरून जाणार, म्हटलं मळणार नाहीत.”

“बाजूला लावलंय ना? की रस्त्याला टेकतं तिथेही?”

“सगळीकडे,” साडूभाऊ म्हणाले. “अर्धवट काम मला आवडत नाही.”

मग ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही सकाळपासून टायरपाशी उभे आहात. तुम्हाला वास आला नाही?”

आला होता. रबर साच्याला चिकटू नये म्हणून कारखान्यात आम्ही साच्यांना एक निसरडा द्रव मारायचो. त्याचा आणि या पॉलिशचा वास भावाभावांचा. एकतीस वर्षं तो वास नाकात घेऊन मी हजेरी लावली होती. त्या सकाळी तो आला तेव्हा मला धोका वाटला नाही, बरं वाटलं. शिवाय नव्या टायरवर कारखान्यातला तोच द्रव थोडा असतोच, तो आधी घासून काढायचा असतो, हेही मला माहीत होतं. कडकपणाचे चोवीस आकडे लिहिण्याच्या नादात राहून गेलं.

दुसऱ्या फेरीला चाळीस मिनिटं होती. कँटीनमधून भांड्यांचा साबण आणला. ब्रश कुणाकडेच नव्हता, तेव्हा पूजेच्या नारळाच्या शेंड्या कामाला आल्या. मागच्या उजव्या चाकापाशी मी, डाव्यापाशी पांढऱ्या पँटीत गुडघे टेकून साडूभाऊ, आणि पुढच्या दोन चाकांशी भाची, खाली वाकून, ‘आ करा’ म्हणेल की काय अशा चेहऱ्याने. दोघी बहिणी बाटल्यांनी पाणी ओतत होत्या.

“नाही निवडली गेली तर?” साडूभाऊ गाडीखालून हळूच म्हणाले.

“अजून दोन फेऱ्या आहेत.”

“मी ती अठराची चाकं तिच्यासाठीच घेतली होती रे. लोक काय म्हणतील त्याच्यासाठी पण घेतली. पण आधी तिच्यासाठी.”

इतक्या वर्षांत मला ते पहिल्यांदा ‘रे’ म्हणाले होते. मी उगाच तोच तोच भाग घासत राहिलो.

“अहो, तुमचं चाक झालं,” बायको वरून म्हणाली. “आता रबर झिजवताय.”

दुसऱ्या फेरीत पहिल्या दोन चकरा भाचीने हळू मारल्या, उरलंसुरलं पॉलिश जाऊ दिलं. पाचवीत एक तेवीस. ती परतली तेव्हा टायरांना हात लावता येत नव्हता. तापलेल्या टायरमधली हवा फुगते, मग टायरचा मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, म्हणून प्रत्येकातली थोडी हवा सोडायची होती. हे काम तिने मला दिलं. मी ते तिच्या देखरेखीखाली केलं, आणि तिने चारही चाकांचा दाब स्वतः पुन्हा तपासला. मला वाईट वाटलं नाही. मीही तपासला असता.

तिसरी फेरी. पहिली चक्कर टायर तापवायची. दुसरी एक तेवीस. तिसरी एक बावीस आणि वर थोडं. साडूभाऊ घड्याळाकडे पाठ करून उभे राहिले. चौथीत तिच्यापुढे एक हळू गाडी आली आणि ती चक्कर वाया गेली. पाचवीत दुसऱ्या वळणावर, जिथे सकाळी ती गवतात गेली होती, तिथे गाडी जराशी हलली आणि पुन्हा रुळावर आली. फळ्यावर आकडा आला: एक मिनिट, एकवीस, दशांश आठ.

मेहुणी रडली. बायकोने तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. साडूभाऊंनी मला मिठी मारली, माझ्या शर्टाला साबण लागला, आणि आपण सगळ्यांनी मिळून टायरविषयी काहीतरी मूलभूत शोधून काढलं आहे अशी भावना आमच्यात पसरली. परतीच्या वाटेवर साडूभाऊ रुंदी, कडकपणा, दाब यांवर दोन तास बोलले. मीही बोललो.

दहा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. भाचीची निवड झाली होती. पुढचं सगळं प्रशिक्षण संस्थेच्याच गाडीवर व्हायचं होतं. त्या गाडीची चाकं तेरा इंची होती, टायर सर्वांना सारखे, आणि बदलायची परवानगी नव्हती.