काढून ठेवा की काढून टाका

माझ्या मोठ्या बहिणीचा आवाज गळ्याच्या ऑपरेशननंतर गेला तो गेलाच. आता ती बोलते तेही खरवडल्यासारखं, गाणं तर दूरच. त्याआधी ती अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला राहायला आली होती, तेव्हा मी तिच्याकडून भुलाबाईची गाणी म्हणवून घेऊन कॉम्प्युटरात भरली होती. तेवढाच तिचा आवाज उरलेला. आणि त्याच कॉम्प्युटरची हार्डडिस्क टकटक वाजायला लागली!

राजापेठेतल्या दुकानदाराने फोनवर बजावलं, "काकू, चालू करू नका. जितक्यांदा चालू कराल तितकी मरन. तशीच आना."

पण आमचे हे! ऐकतील तर शपथ. "पाहू तर दे, होते का चालू," करत बटण दाबायचे. मी भांडून वायरच लपवली. तर मी बाजारात गेलेली पाहून स्वतःच कॉम्प्युटरचा डबा उचलून दुकानात गेले आणि सांगून आले, "यातलं सगळं काढून टाका."

मी दुकानात गेले तोवर डिस्क कोरी.

"अरे, काढून ठेवायचं होतं!"

"काकांनी टाका म्हटलं. फॉरमॅट मारला. मले काहून बोलून राहिल्या?"

"बहिणीची गाणी हायेत म्हणून फोनवर सांगतलं होतं ना तुले?"

"डब्यावर लिहिलं होतं का, काकू?"

मग मी असा आवाज चढवला की शेजारच्या क्लासची पोरं जिन्यात येऊन उभी राहिली. तेव्हा कुठे तो म्हणाला, काही निघते का पाहतो.

घरी ह्यांचं वेगळंच. "टाका म्हणजे पेनड्राइव्हमध्ये टाका, असं म्हटलं मी!"

"आन् पेनड्राइव्ह कुठी होता? तुमच्या टोपीत?"

दुकानदार गाणी शोधत असतानाच डिस्क कायमची बसली. त्याआधी एकच फाइल निघाली. ती मोबाइलवर घेऊन मी अकोल्याला गेले, बहिणीसमोर लावली. त्यात मी गाऊन राहिले, आणि मध्येच तिचा तो खणखणीत आवाज, "थांब वो! सत्यानाश करून राहिली गाण्याचा. तू नुसत्या टाळ्या वाजव." तिने गायला श्वास घेतला, आणि फाइल संपली.

बहिणीने मोबाइल माझ्याकडे सरकवला. मग घशातून खरवडत म्हणाली, "जावईबुवाले सांग, माह्या दारात पाय ठेवू नका म्हनाव."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही.