मातीच्या भिंतीसाठी फरशी

मुळशीकडच्या रस्त्यावरच्या माले गावात मी शाळेत बाई म्हणून लागले, तेव्हा मला एका शेतकरी कुटुंबाच्या घरामागची खोली भाड्याने मिळाली. खोली स्वतंत्र होती, पण भिंती मातीच्या. स्टोच्या मागचा गिलावा वाफेनं सुटायचा आणि वरणात खडे पडायचे.

घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायचे. बोलायला गोड. परसातल्या मिरच्या, वांगी आणून द्यायच्या आणि उंबऱ्यावर बसून माझ्या आईची चौकशी करायच्या. पण वर्षभरात त्या आत कधी आल्या नव्हत्या. आम्ही बौद्ध. खोली देताना त्यांनी आडनाव विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. त्यानंतर त्यावर कधी बोलणं झालं नाही.

"मावशी, स्टोमागं फरशी लावू का? मीच लावीन."

"लावा की," त्या म्हणाल्या. "भिंत तेवढी पाडू नका."

रविवारच्या एसटीनं मी पुण्याला गेले. दुकानात दोन-तीन जोडपी टाइल्स बघत होती. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, "हा रंग लवकर मळेल हो." मी निळ्या फुलांच्या पांढऱ्या टाइल्ससमोर बराच वेळ उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, "भिंत कसली आहे?"

"मातीची."

"मग नका घेऊ. मातीवर सिमेंट धरत नाही. चार महिन्यांत सगळ्या खाली येतील."

ऑइलपेंटचं विचारलं, तर त्याचे पापुद्रे निघतात म्हणाला. पत्रा गंजतो, शहाबादी फरशी तेल पिते. शेवटी त्यानं मागच्या अंगणात नेऊन घासलेला काळा कडप्पा दाखवला. "ही एकच मोठी फरशी जमिनीवर उभी करा, भिंतीला टेकवा आणि वर दोन लोखंडी खुंट्या ठोका. पण काळा रंग आहे, एकदा घरी विचारून या."

"घरी मीच आहे," मी म्हटलं.

तो फडक्यानं फरशी पुसून म्हणाला, "मग हीच घ्या."

एवढं वजन पुण्याहून आणणं परवडेना, म्हणून तशीच फरशी मी जवळच्या पौडहून मागवली. वाळूच्या ट्रकवाल्यांनी ती दारात आणून टेकवली. पोत्यावरून सरकवत मी ती आत नेली, कशीबशी उभी केली. पण एका हातानं फरशी धरली आणि दुसऱ्या हातानं खुंटी, तर ठोकायची कशी? सोडली तर पडणार. खांदा लावून मी तशीच उभी राहिले आणि शेवटी हाक मारली, "मावशी!"

त्या उंबऱ्यापाशी आल्या. माझ्याकडे पाहिलं, एकदा मागं पाहिलं, आणि आत आल्या.

"धरते मी. ठोका तुमी."

दोन्ही तळवे टेकवून त्या उभ्या राहिल्या. "लई गार हाय वो ही," म्हणाल्या. खुंट्या बसल्यावर त्यांनी खोली पहिल्यांदाच नीट पाहिली. माझी कॉट, पुस्तकं, भिंतीवरचा बुद्धांचा फोटो.

"चहा टाकते, मावशी."

"नगं बाई, आत्ताच झाला."

त्या हौदावर गेल्या आणि हात धुऊ लागल्या. हाताला दगडाची धूळ होती, धुणारच. तरी मी खिडकीतून पाहत राहिले, किती वेळ धुतात ते. फार वेळ नाही धुतले. पण पाहिल्याची मला लाज वाटली आणि त्या संध्याकाळी मी काही शिजवलं नाही.

त्या खोलीत मी आणखी तीन वर्षं काढली. वरणात खडे पडणं थांबलं. रोज जेवण झालं की मी फरशी पुसायचे. ओल्या कडप्प्यात आपला चेहरा अंधुक दिसायचा, आणि कधी कधी मी त्याच्याशी शाळेतलं काहीबाही बोलायचे.

बावधनला बदली झाली तेव्हा मावशी उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"फरशी नेताय व्हय?"

"नाही. राहू द्या."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पाणी खरं होतं. मी किल्ली त्यांच्या हातात दिली आणि ट्रंक उचलून रस्त्याकडे निघाले.