श्रावणात सोडलेली भाजी

सुपातली निम्मी ज्वारी तशीच होती आणि भागाबाईच्या मुठीतून जात्याचा खुंटा सुटला. तिनं हाताला पदर गुंडाळून पुन्हा धरून पाहिला. बोटं मिटेनात. मनगट तापलेलं, फुगलेलं. नुसतं जात्याच्या कडेला टेकलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. अर्ध्यावर आलेली ओवी तोंडातच राहिली.

भिंतीपलीकडं तिची थोरली जाऊ गोदाबाई अंगणात सडा टाकत होती. जातं थांबलेलं ऐकून ती दारात येऊन उभी राहिली.

"काय व, देवीचं नाव घेता घेता डोळा लागला का?"

"नाही व बाई. हाताला कळ आली जराशी."

"दाखव इकडं. माय व! हा हात आहे का डांगर?"

भागाबाईनं हात पदराखाली घेतला. दाखवण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. आठवड्यामागं कापूस वेचताना बोंडाचं टोक अंगठ्याच्या मुळाशी घुसलं होतं. तसं ते दरसाल घुसतं. वेचणाऱ्या बाईचा हात तो, दोन दिवसांत भरून यायचा. यंदा मात्र जखम चिघळली, सूज मनगटावर चढली, आणि दुसऱ्या हाताची पेरंही उगाच दुखू लागली. इंग्रजी दवाखान्यातला मलम लावून झाला, निंबाचा पाला बांधून झाला. उतार म्हणून नाही.

बऱ्हाणपुरात तापीच्या राजघाटावर उतरणाऱ्या गल्लीत भागाबाईचं घर. नवरा उखर्डू नदीपलीकडं कापूस पेरायचा. एकुलती लेक मथुरा रावेरला दिलेली. पहिल्या खेपेला सासरच्यांनी तिला बाळंतपणाला माहेरी पाठवलं नाही, आणि ते लेकरू जगलं नाही. आता मथुरा पुन्हा पोटुशी होती. आठव्या महिन्यात प्रवास करू नये म्हणतात. म्हणून नववा लागला की दिवाळीनंतर तिला आणायचं ठरलं होतं. विहीणबाईंनी कबूल केलं होतं, पण एक खुंटी मारून ठेवली होती, "आई हातीपायी धड असेल तर न्या."

बाळंतिणीला उचलून बसवायचं, तिला चोळायचं, लेकराला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, सगळा कारभार हाताचा. आणि भागाबाईला पाण्याचा तांब्या धरवत नव्हता.

या लेकीसाठीच तर ती जेठात इच्छापूरला पायी गेली होती. गडावर चढून देवीपुढं पदर पसरला होता, "माय, माझ्या पोरीला सुखरूप मोकळी कर. मी चातुर्मास पाळीन. घरातल्या तुझ्या टाकापुढचा दिवा रात्रीचा विझू देणार नाही." तेव्हापासून ती श्रावणात पालेभाजी, भादव्यात दही, आश्विनात दूध असं सोडत आली. सूज चढली तशी तिनं डाळही सोडली. म्हटलं, कुठंतरी आपलंच कमी पडत असेल. ताटात कोरडी भाकर, मिरची आणि मीठ राहिलं, तेही एक वेळ. रात्री वात सारायला चार वेळा उठायची. झोप येऊ नये म्हणून कापसाच्या जिनात कामाला जाणाऱ्या बायांकडून शिकलेला बिनदुधाचा गुळाचा चहा प्यायची. हाताची कळ वाढली की तिला वाटायचं, देवी अजून मागते आहे.

उखर्डूनं त्या दिवशी ऐकलं नाही. तिला चौकातल्या गिरधर वैद्यांकडं नेलं. म्हाताऱ्या वैद्यांनी नाडी धरली, जीभ पाहिली, पापणी ओढून पाहिली.

"काय जेवता बाई?"

भागाबाईनं सांगितलं.

"झोपता किती?"

तिनं तेही सांगितलं. वैद्यांनी तिचा हात अलगद खाली ठेवला.

"कुठं लागलं की अंग तिथं आग पेटवतं. तीच सूज. ती वैर करत नाही, राखण करते. पण जखम भरायची तर अंगात माल पाहिजे. डाळ पाहिजे, हिरवं पाहिजे, दूध-ताक पाहिजे. आणि माणूस झोपतं ना, तेव्हा आतला कारागीर कामाला बसतो. तुम्ही त्याला माल देत नाही, बसूही देत नाही. मग ती आग विझावी कशी? ती घरच जाळत सुटते."

"माझा नवस आहे, बाप्पा."

"मी नवसावर काय बोलू? लेप देतो. पण नुसत्या लेपानं व्हायचं नाही, हे साफ सांगतो."

परतताना उखर्डू पुढं आणि ती मागं. घराजवळ आल्यावर तो मागं न पाहता बोलला, "मथुरेची माय, मी रावेरला निरोप धाडतो. पोरीला तिकडंच राहू द्या म्हणतो."

"असं नका करू."

"मग दुसरं काय करू? तुमचे हात असे असताना तिला इथं आणून कोणाच्या हवाली करू?"

नवस मोडावा तर पोरीवर कोप, पाळावा तर पोर माहेराला मुकणार. दुपारी ती टाकापुढं बसून राहिली. हात जोडायला गेली, तर तळवे एकमेकांना टेकेनात. तेव्हा मात्र तिला रडू फुटलं.

त्याच वेळी गोदाबाई सूप घेऊन आली. सुपात पोकळ्याची कोवळी भाजी होती.

"ही उचल."

"बाई, माझं सोडलेलं आहे."

"श्रावणात सोडलेलं. आता कोणता महिना चालू आहे?"

"आश्विन."

"मग? श्रावण सरल्यावर मी भाजी देवीला दाखवली, वाण म्हणून तुझ्या ओटीत घातली. तू ती गाईला घातलीस. मी पाहिलं. मला वाटलं पोट बिघडलं असेल, म्हणून बोलले नाही." गोदाबाई खाली बसली. "सोडलेलं महिना सरल्यावर देवीला दाखवायचं, सवाशिणीला द्यायचं आणि मग आपण खायचं. सोडणं निम्मं व्रत, परत घेणं निम्मं. आपल्या म्हाताऱ्या बायांनी एका वेळी एकच सोडायला सांगितलं. चारही एकदम सोडा असं कोण सांगून गेलं तुला?"

भागाबाईला आपली आई आठवली. भादवा लागल्यावर आई खरंच अंबाडीची भाजी करायची, पहिला घास देवीला, मग दारातल्या बायांना, आणि शेवटी स्वतः मिटक्या मारत खायची. हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही तिनं केलं नव्हतं.

"मागच्या खेपेला मी भाजीभाकर खात बसले होते, बाई," ती हळूच म्हणाली. "तोंडात घास होता आणि लेकरू गेल्याचा निरोप आला. तेव्हापासून घास उचलला की छाती धडधडते. वाटतं, मी खाल्लं की तिकडं काहीतरी होईल."

गोदाबाई तिच्या सुजल्या हाताला धक्का न लावता शेजारी नुसता आपला हात ठेवून बसली. मग म्हणाली, "इच्छामाय आईच आहे व. आपल्या लेकीला कोण उपाशी ठेवतं?"

संध्याकाळी देवीला भाजीचा नैवेद्य दाखवला. दह्याची वाटीही दाखवली. भादवा सरून गेला होता, त्याचंही राहिलं होतंच. डाळीची पाळी कार्तिकात, म्हणून तोवर वरण चालायचं. दूध तेवढं आश्विन सरेपर्यंत सोडलेलं राहिलं. भागाबाईनं पहिला घास उचलला. तिनं डोळे मिटून तो गिळला आणि दाराकडं पाहिलं. निरोप घेऊन कोणी आलं नाही.

राहिला दिवा. भागाबाई चहाचं पातेलं चुलीवर ठेवायला गेली तर उखर्डूनं ते उतरवलं.

"देवीला माझ्या हातचं तेल चालत नाही का?"

"चालतं, पण नवस माझा..."

"पोर काय एकट्या तुमची आहे? शेतात रात्र रात्र डुकरं राखतो मी. एक वात राखता येणार नाही?"

भागाबाईच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. ती आडवी झाली ती दूधवाल्याच्या हाकेनंच उठली.

दुसऱ्या दिवशी हात बरा झाला असं काही नाही. सूज तशीच होती. पण कोजागिरी झाल्यावर जखमेला कोरडी खपली धरली. वसुबारसेला बोटं अर्धी मिटली. कार्तिकात वरण गेलं आणि त्याच्या जागी दूध आलं. तीळ-जवसाची चटणी, ताक, मेथी ताटात राहिली. गिरधर वैद्यांनी पुन्हा मनगट दाबून पाहिलं, फक्त "हं" म्हणाले आणि लेपाची पुडी निम्मी केली. करंगळी मात्र सरळ झाली नाही. थंडीच्या सकाळी ती अजून ठणकायची, आणि पहिला घास घेताना भागाबाईची नजर अजून दाराकडं जायची. ते काही सुटलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या सकाळी भागाबाईनं सुपात ज्वारी घेतली, खुंटा धरला आणि सूप रिकामं होईपर्यंत दळलं. भिंतीपलीकडून गोदाबाईनं ओवीला ओवी जोडली. उखर्डूनं रावेरला निरोप धाडला होता, पण तो "पाठवा" असा.

पीठ डब्यात भरून तिनं हात धुतले, देवीपुढं जोडले. तळवे टेकले. मग डोक्यावरून पदर घेऊन ती बऱ्हाणपूरच्याच लालबागच्या स्टेशनावर मथुरेला गाडीतून उतरवून घ्यायला निघाली.