तांदळाच्या दाण्याएवढी

लोणावळ्यात पंखे आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्या त्या भाऊंचं नाव मी विचारलंच नाही. कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. ते इतकं तापायचं की दहा मिनिटांत कॉम्प्युटर बंद पडायचा, आणि प्रकल्प दोन दिवसांनी दाखवायचा होता. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे विचारायचं कुणाला तेही कळेना. अखेर अख्खा कॉम्प्युटर एसटीत मांडीवर घेऊन त्यांच्याकडे गेलो.

भाऊंनी कार्ड उघडून फुंकर मारली आणि हसले. "आंदर मावळातला ना तू? भाताचा कोंडा निघतोय ह्यातनं."

आंदर मावळ म्हणजे भाताचा मुलूख; आमचा कॉम्प्युटरही भाताच्या पोत्यांशेजारीच असतो.

मग त्यांना चिपवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट दिसली. "आन हे कुणी लिंपलं? भिंत हाय व्हय ही?"

"मीच," मी म्हणालो. जास्त लावली तर जास्त गार राहील, असं मला वाटलं होतं.

त्यांनी दाढीच्या ब्रशने कोंडा काढला, पेस्ट पुसली. इतक्या जाड बोटांचं इतकं हळुवार काम मी कधी पाहिलं नव्हतं. नवी पेस्ट मात्र त्यांनी माझ्याच हातात दिली.

"तांदळाच्या दाण्याएवढी लाव. दाणा केवढा असतो, ते तुला म्या सांगायचं व्हय?"

मी ट्यूब चिपवर धरली. धीर गोळा करायला वर पाहिलं, तर भाऊ माझ्याकडे पाठ करून निवांत चहा पीत होते.

मी दाण्याएवढा ठिपका लावला आणि कार्ड परत बसवलं. कॉम्प्युटर चालू करून अर्ध्या तासाने कार्डला हात लावून बघायलाही त्यांनी मलाच सांगितलं. ते नुसतं कोमट होतं.