तेल पाजलेल्या अठरा फळ्या

नानांची आणि माझी ओळख एका धोट्याने करून दिली. यंत्रमागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा तो लाकडी धोटा एखाद्या वेळी वाट सोडून उडतो. माझ्या मागावरचा असाच उडाला. माझ्या कानाला नुसता वारा लागला आणि मागच्या भिंतीचा गिलावा खाली आला. मी जो मागाआड बसलो तो शिफ्ट संपेपर्यंत उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गृहस्थ सायकलवरून आले. हे धोटे बनवणारे दामोदर तरे, म्हणजेच आपले नाना. त्यांनी तो धोटा हातात घेतला, नखाने त्याचे टोक चाचपले आणि शेठना म्हणाले, "ह्या खेपेचे समदे धोटे परत द्या. टोक नीट बसला न्हाय. चूक माझी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कशाला थरथरतंस? तुजा काय गुन्हा न्हाय."

मी मुळातच भित्रा माणूस. नानांच्या पंचाहत्तरीच्या या अंकासाठी लिहायला समितीने सांगितले तेव्हाही मी आधी नाहीच म्हणालो. "सुदाम, तुम्ही त्यांच्याजवळचे, तुम्हीच लिहा," असे सगळे म्हणाले. जवळचा आहे म्हणूनच तर भीती होती. नानांविषयी खरे लिहायचे तर माझी एक चूक चारचौघांत सांगावी लागणार होती. ती मी पुढे सांगतोच.

भिवंडीतल्या कितीतरी मागांवर नानांचे धोटे धावले. लाकूड निवडायचे, सावलीत मुरू द्यायचे, तासायचे, आणि मग कित्येक दिवस तेलात बुडवून ठेवायचे. याला आम्ही तेल पाजणे म्हणतो. तेल प्यायलेला धोटा फाटत नाही आणि सुताला ओरबाडत नाही. पुढे मी सुट्टीच्या दिवशी नानांच्या कारखान्यात जाऊ लागलो आणि तेल पाजण्याचे काम माझ्याकडे आले. नानांनी घाईचा एकही धोटा कधी विकला नाही. गिऱ्हाईक दारात उभे असले तरी ते म्हणत, "त्याचा पोट भरला न्हाय अजून."

आमची लूम बंद पडली आणि मानकोलीच्या एका गोदामात मला काम मिळाले. उतारवयात नवी जागा, सगळे अनोळखी, आणि छताला टेकणारे ते खोके! पहिल्या दिवशी नाना मला सोडायला आले. संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर पाहतो तर ते समोरच्या चहाच्या टपरीवर बसलेले. दिवसभर तिथेच होते. मी विचारले तर म्हणाले, "तू पलून आलास तर परत आत ढकलाया कोन पायजे ना!" या थट्टेमुळे मी दुसऱ्या दिवशी एकटा गेलो.

पुढे बिनधोट्याचे माग आले आणि नानांचे काम आटले. शेजारच्यांनी आपापले गाळे गोदामांना दिले. नानांनी मात्र आपल्या गाळ्यात जहाज बांधायला घेतले. त्यांचे आजोबा खाडीवर होड्या बांधत. आपल्या या खाडीत शिवाजी महाराजांची जहाजे बांधली गेली, हे सगळेच शाळेत शिकतात. नाना म्हणत, "शिकले समदे, बघितली कोनी?" म्हणून त्यांनी गुराब निवडली. गुराब म्हणजे दोन डोलकाठ्यांचे, पुढे लांब चोच काढलेले लढाऊ जहाज. मापही त्यांनी जुन्या सुतारांचेच घेतले, हाताला बोट. खऱ्या जहाजाचा एक हात म्हणजे नमुन्याचे एक बोट. असे पावणेचार फुटांचे सागवानी जहाज उभे राहू लागले. आधी कणा, मग बरगड्या, मग एकेक फळी. त्यांची अट एकच होती, की ते पाण्यात तरंगले पाहिजे आणि पंचाहत्तरीला त्यांनी स्वतःच्या हाताने पाण्यात सोडले पाहिजे.

गेल्या वर्षी एके दुपारी नानांच्या हातातली कपबशी वाजू लागली. त्यांनी ती घाईने खाली ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा वाजली. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्याकडे पाहत राहिल्या. दोन दिवस ठाण्याला तपासण्या झाल्या. उजव्या हाताचा कंप वाढत जाणार आणि बारीक काम सुटत जाणार, असे डॉक्टरांनी सांगितले. हे ऐकल्यापासून मला नानांकडे नीट पाहवत नसे.

त्याच दोन दिवसांत मी घोळ घातला. जाताना नाना म्हणाले होते, "तलाच्या अठरा फल्या घासून तयार ठेव." मी घासल्या. घासल्यावर, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांना तेल पाजले; पातळ फळ्या, एका रात्रीत प्यायल्या. वरून पुसून उन्हात सुकवल्यासुद्धा. आपण काही जास्तीचे चांगले काम केले, अशा समाधानात मी घरी गेलो. नानांनी आल्यावर सरसाने चिकटवून त्या बसवल्या. आमच्या कारखान्याला बारमाही तेलाचाच वास, त्यामुळे त्यांनाही शंका आली नाही.

आठवड्याने मी जहाजावर कपडा मारत होतो. चोचीजवळच्या फळीचे टोक बोटाखाली हलले. तेल प्यायलेल्या लाकडाला सरस धरत नाही, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आले. मी अंगठ्याने फळी दाबून परत बसवली आणि चक्क निघून आलो.

अकरा दिवस मी गप्प राहिलो. वाघ म्हटले तरी खाणार आणि वाघोबा म्हटले तरी खाणार, अशी गत. सांगितले तर नाना खचतील. नाही सांगितले तर सगळ्या गावासमोर, त्यांच्या हातातून सुटताच जहाज पाणी भरून बुडेल. पुन्हा बांधायला त्यांच्या हातात दिवस कुठे उरले होते? मला जेवण जाईना. नाना दिसले की मी दुसरीकडे पाहायचो.

बाराव्या दिवशी नाना मला वज्रेश्वरीला घेऊन गेले. दर्शन झाले आणि आम्ही गरम पाण्याच्या कुंडाशी बसलो. नानांनी उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात धरला. "बरा वाटतो," ते म्हणाले. "देवीला एकच सांगितला. जहाज पान्यात जाईपरत हात ऱ्हाऊ दे. मग काय करायचा ते कर."

मग माझ्याने राहवले नाही. मी सगळे सांगून टाकले.

नानांनी हात पाण्यातून काढला. धोतराला पुसला. परतीच्या एसटीत ते पुढच्या बाकावर जाऊन बसले, आणि मी भिवंडी येईपर्यंत त्यांच्या पाठीकडे पाहत राहिलो. वडील गेले तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

चार दिवसांनी काकींचा फोन आला. "ये बाबा, बलावलाय."

नाना जहाजासमोर स्टुलावर बसले होते. त्यांनी पटाशी माझ्यापुढे केली. "फल्या काढ."

"नाना, मी? मीच तर बिघडवलं."

"मंग कोन काढनार? माझा हात बघ. मी लावला तर बरगड्या जातील." एवढे बोलून त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

मी एकेक फळी उचकटू लागलो. बरगड्या माझ्या करंगळीपेक्षा बारीक. नवव्या फळीला 'कट्' असा आवाज झाला. मी डोळे गच्च मिटले.

"डोले उघड," नाना म्हणाले. "सरस तुटला. बरगडी हाय." मी दहावी फळी धरली तेव्हा म्हणाले, "मी पन भ्यालो व्हतो रं. त्या दिवशी एसटीत मना वाटला, आता हा यायचाच न्हाय."

नानांसारखा माणूस भितो, आणि तेही मी येणार नाही म्हणून, हे ऐकून मी पटाशी खाली ठेवली आणि रडलो. काकींनी चहा आणला. नानांनी माझ्यावर ओरडून मला पुन्हा कामाला लावले.

त्या अठरा फळ्यांच्या जागी आम्ही नव्या बसवल्या. नाना म्हणाले, सरस नको, आज्यासारखे करू. लाकडी खुंट्या ठोकल्या, फटींत राळेत भिजवलेले सूत भरले. सूत भिवंडीत मागायला कुठे जावे लागते! छिद्रे मी पाडली. नाना स्टुलावरून ओरडत होते. "तिरपा गेला! परत! आंधला हायेस का?" आणि मी परत करत होतो. बारीक काम माझ्या या भित्र्या हातांना कुणी शिकवले असे कुणी विचारले, तर उत्तर हे आहे.

हा अंक आपल्या हाती पडेल त्याच दिवशी सकाळी गुराब तलावात उतरेल. एका बाजूने नानांचा हात असेल, दुसऱ्या बाजूने माझा. काकींनी नारळ आणून ठेवला आहे. पाणी आत येणार नाही, असे नाना म्हणतात. मला खात्री नाही. मी रोज सकाळी जाऊन एकेक फट चाचपतो.

नाना, देवी तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य देवो. जहाज तरंगले तर आपण दुसरे बांधू, बुडाले तर हेच पुन्हा बांधू. हात माझे घ्या. पण ओरडायला तुम्हीच पाहिजेत.