करंगळीकाका

भरल्या पिकनिकमध्ये मी माईकवरून एका म्हाताऱ्या माणसाची टिंगल केली. ती गंमत नव्हती, हलकटपणा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल प्रेमाने जे लिहीन ते कितपत मानायचं, हे तुम्ही ठरवा.

काका कुणाशी शेकहँड करत नसत. समोरच्याच्या करंगळीत आपली करंगळी अडकवून हात दोनदा झुलवत. मूळचे नागपूरचे. तरुणपणी फ्रान्समध्ये, ब्रिटनीच्या एका खेड्यात सात वर्षं नोकरी केली, मग इथे अमेरिकेत, ट्रॉय गावी येऊन गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाले. त्या खेड्यात दर उन्हाळ्यात जत्रा भरे आणि चर्चसमोर सगळं गाव करंगळ्या गुंफून गोलात नाचे. "पहिल्या वर्षी मी कडेला उभा होतो," काका सांगत. "एका म्हातारीनं गोल मोडला अन् माझी करंगळी ओढली. नाव नाही विचारलं. तिथं बघे नसतातच रे. जागा दिसली की घुसायचं."

हे ते प्रत्येकाला सांगत, आणि प्रत्येक जण मान डोलावत समोसा घ्यायला सटके. मीसुद्धा.

आमच्या इथल्या मराठी मंडळात माणसांचे दोनच प्रकार: आयटम करणारे, आणि आयटम चालू असताना जेवण कधी सुरू होणार असं विचारणारे. त्यांच्या डोक्यावर कमिटी, सगळ्यांत पोकळ. मी तिचा सेक्रेटरी होतो. गळ्यात बिल्ला घालून मिरवायचो.

२००४ च्या उन्हाळ्यात काका म्हणाले, "सप्टेंबरात मी पोराकडे क्युपर्टिनोला चाललो, कायमचा. त्याआधी एकदा इथं गोल होऊ दे. पिकनिकला, गवतावर. दहा मिनिटं."

"फॉर्म भरा काका. ग्रुप डान्समध्ये टाकतो. स्टेजवर, तीन मिनिटं."

"अरे, स्टेजवर गोल कसा होईल? लोक कुठून घुसतील?"

"ऑडियन्स खालून बघेल ना!"

काकांनी फॉर्म मात्र भरला. 'सहभागी कलाकार' या रकान्यात लिहिलं: सगळे. तो फॉर्म मी कमिटीत वाचून दाखवला आणि आम्ही पोट धरून हसलो.

लावणी आणि मुलांचा फॅशन शो यांच्यामध्ये त्यांना कोंबलं. सीडीवर सनईहून कर्कश काहीतरी वाजू लागलं. काका स्टेजच्या कडेला आले, दोन्ही करंगळ्या पुढे करून म्हणाले, "या ना."

खुर्च्यांतून कोणी उठलं नाही.

मी माईक उचलला. "काकांना घाई झालेली दिसते! रेस्टरूम उजवीकडे आहे, काका."

काय हशा पिकला! काका मात्र डावीकडे सरकत, हात झुलवत, तीन मिनिटं पुरी नाचले. एका माणसाचा गोल. खाली उतरले आणि माझ्याशी नीट, पंजात पंजा घालून शेकहँड केला. "थँक यू, सेक्रेटरीसाहेब."

तो शेकहँड मला तीन वर्षं पुरला.

२००७ मध्ये कंपनीच्या कामासाठी क्युपर्टिनोला गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाने पार्कचा पत्ता दिला. काका चार-पाच आजोबांबरोबर बाकावर बसले होते. मला पाहून उठले आणि पंजा पुढे केला. मी तो घेतला नाही. सगळ्यांसमोर करंगळी पुढे केली. टिंगल माईकवरून केली होती, म्हणून आवाजही चढवला.

"काका, त्या दिवशी खुर्च्यांतून पहिलं मी उठायला हवं होतं. मी तुम्हाला एकटं पाडलं, वर लोकांना हसवलं. चुकलो. मला माफ करा."