गप्प राहिलं की बोलणारा फोन

"मनीषाबेन, तुमचा फोन माणसांना जेवलात का विचारतो," कडोदऱ्याच्या कापड कारखान्याचे मॅनेजर सांगत होते. "आणि ज्या बाईचा आवाज आहे ती वारलीये. कारागीर घाबरलेत. आजच्या आज बघा."

मी सुरतमधल्या एका छोट्या कंपनीत सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. या कारखान्यासाठी आम्ही एक फोनसेवा बनवली होती. लूमवरच्या कारागिरानं नंबर लावायचा, आपली शिफ्ट विचारायची, की मशीन त्याच्या भाषेत उत्तर देणार. बरेचसे कारागीर खानदेशातले, म्हणून भाषा अहिराणी.

आवाज माझ्या छंदातून आला होता. आमचे बाकीचे लोक रविवारी क्रिकेट खेळतात, नाहीतर डुमसच्या किनाऱ्यावर जाऊन भजी खातात. मी रेकॉर्डर घेऊन डिंडोली-नवागामच्या गल्ल्यांमध्ये म्हाताऱ्या बायकांची अहिराणी रेकॉर्ड करते. माझं घरही डिंडोलीतच. आमच्या गल्लीतली पोरं आईशीसुद्धा गुजरातीत बोलतात. ही बोली कुठेतरी राहावी, एवढंच मनात होतं.

नवागामच्या सुमनमावशींचा आवाज सगळ्यांत गोड. आमचे टीम लीड हार्दिकभाई यांनी एकदा तो ऐकला आणि म्हणाले, "आपल्याला हाच पाहिजे." मावशींना विचारलं तर त्या हसत सुटल्या. "मना आवाज फोनमा? मंग मना पोऱ्या बी आयकी का?" मुलगा सुनील त्याच कारखान्यात लूम चालवायचा.

त्यांना ऑफिसात आणून ठरलेली वाक्यं रेकॉर्ड केली. आवाज नैसर्गिक यावा म्हणून त्यांच्या घरी केलेली माझी रेकॉर्डिंगही मशीनला शिकवायला दिली. सेवा सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत मावशी हार्ट अटॅकनं गेल्या. आवाज बदलायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

मॅनेजरचा फोन ठेवला आणि मी तो नंबर लावला. शिफ्ट विचारली, उत्तर बरोबर आलं. पुन्हा लावला आणि या वेळी मुद्दाम काहीच बोलले नाही.

थोडा वेळ शांतता. मग मागे लूमची खडखड ऐकू आली. कुणीतरी स्टीलचं ताट खाली ठेवलं. आणि मावशी अगदी कानाशी म्हणाल्या, "जेवना का रे बापू?"

भर दुपार होती. ऑफिसात सगळे बसलेले होते. तरी माझ्या अंगावर काटा आला. हे वाक्य आम्ही कुणी लिहिलेलं नव्हतं.

हार्दिकभाईंनी हेडफोन लावून दोनदा ऐकलं. मग आम्ही कोड उघडला. चूक साधी होती. माणूस बोलला तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर तयार होतं आणि मशीन ते वाचून दाखवतं. माणूस गप्प राहिला तर उत्तर रिकामं. आम्ही ते रिकामं उत्तरही मशीनकडे पाठवत होतो. वाचायला काही नसलं की असं मशीन कधीकधी शिकलेल्या आवाजातलंच काहीतरी बडबडतं.

माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ते वाक्य सापडलं. मी मावशींच्या घरी बसलेली असताना सुनील आत आला होता आणि मावशींनी त्याला विचारलं होतं. ताटाचा आणि शेजारच्या लूमचा आवाजही त्यातलाच.

पण आणखी एक वाक्य येत होतं. "आज उशीर का बरं कया रे?" मी सगळी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. ते कुठेच नव्हतं.

"तुकडे जोडून मशीनच बनवतं," हार्दिकभाई म्हणाले. ते बरोबरच होतं. पण हे सांगताना त्यांनी स्पीकर बंद केला.

गप्प राहिलेले बहुतेक कॉल एकाच नंबरवरून होते. नंबर सुनीलचा होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कडोदऱ्याला गेले. तो कारखान्याबाहेर चहाच्या टपरीमागे बसला होता. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लोंबत होता.

"बंद कराले उनी ना ताई?" मी आवाज बंद करायलाच आले का, असं त्यानं विचारलं. मग मराठीत म्हणाला, "मी बोललो तर ती शिफ्ट सांगते. गप्प राहिलो तर आई बोलते."

"सुनीलभाऊ, ते मशीन आहे."

"माहीत आहे. पण परवा मला खरंच उशीर झाला होता. तिला कसं कळलं?"

माझ्याकडे हार्दिकभाईंचंच उत्तर होतं. मी ते दिलं नाही. त्याचा डबा शेजारी पडला होता, झाकण लावलेला. "जेवला नाहीत?"

"जेवलो की ती विचारायची थांबेल, असं वाटतं."

तोपर्यंत मला हा प्रश्न कोडचा वाटत होता. आता मला भीती वाटली, आणि ती मेलेल्या बाईची नव्हती. समोरचा माणूस रोज तिच्याकडे थोडा थोडा सरकत होता आणि रस्ता आम्ही करून दिला होता.

"आज संध्याकाळी बंद होणार," मी म्हटलं. "आधी तुम्हाला सांगायचं होतं."

त्यानं शर्टाला हात पुसले. डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला, गिळला, आणि नंबर लावून फोन स्पीकरवर ठेवला. आम्ही दोघंही गप्प. खडखड आली. ताट वाजलं.

"जेवना का रे बापू?"

"हो, आई. जेवनू."

तो बोलला, त्यामुळे मशीननं ठरलेलं काम केलं. त्याच आवाजात, स्वच्छ, मागे काहीही खडखड नसलेलं उत्तर आलं, "तुमनी शिफ्ट दिवसनी शे."

सुनीलनं फोन कापला. मान खाली घालून उरलेली भाकरी खाल्ली. मी तिथेच बसून राहिले.

संध्याकाळी आम्ही आवाज बदलला. रिकामं उत्तर आलं तर मशीननं काही बोलायचं नाही, अशी एक ओळ कोडमध्ये घातली. मावशींच्या रेकॉर्डिंगची कॉपी मी सुनीलला नेऊन दिली. त्यानं ती घेतली. तो ऐकतो का, हे मी विचारलं नाही. मॅनेजर सांगतात, तो आता सगळ्यांबरोबर बसून जेवतो.

रविवारी मी अजून रेकॉर्डर घेऊन फिरते. फक्त आता घरातल्यांनाही विचारते, की माणूस गेल्यावर या आवाजाचं काय करायचं. कामातलं म्हणाल तर एवढंच शिकले की मशीननं काय बोलायचं ते आपण हौसेनं लिहितो. गप्प कधी राहायचं, तेही लिहावंच लागतं.